पाऊण तासावरचं माहेर

नागपूर ते सांतियागो हे अंतर पावणेसतरा हजार किलोमीटर. पृथ्वीच्या गोळ्यावर माणसाला यापेक्षा फार लांब जाताच येत नाही. थोडं आणखी पुढं सरकलं की तो दुसऱ्या बाजूनं परत नागपूरच्याच जवळ यायला लागतो. एके काळी या प्रवासाला चार विमानं आणि दीड दिवस लागायचा, आणि पोचल्यावरही आठवडाभर माणूस भलत्या वेळी जागा आणि भलत्या वेळी गाढ झोपलेला असायचा. केतकी देवतळे लग्न होऊन चिलीला निघाली तेव्हा तिच्या मावशीनं विमानतळावर असा काही टाहो फोडला होता, की दुसऱ्याच कुणाला पोचवायला आलेल्या चार बायकाही सोबतीनं रडून घेऊन घरी गेल्या.

पुढं ‘झेप’ सुरू झाली आणि मावशीचं सगळं रडणं वाया गेलं.

झेप म्हणजे अर्धं विमान आणि अर्धं रॉकेट. नागपूरबाहेरच्या उमरेड रोडच्या तळावरून एक अजस्र विमान तिला पोटाशी धरून पंधरा किलोमीटर उंच नेई आणि तिथं सोडून देई. मग तिची इंजिनं पेटत, सेकंदाला सात किलोमीटरचा वेग येई, आणि वातावरणाच्या वर, जिथं अडवायला हवाच नाही, तिथून भिरकावलेल्या दगडासारखी कमान करत ती पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला उतरे. सत्तेचाळीस मिनिटं. वजन नाहीसं झालं की माणसं ओकतात, उतरताना छातीवर गव्हाचं पोतं ठेवल्यासारखा दाब येतो, म्हणून सुटण्याआधी सगळ्यांना सौम्य गुंगी देत. खिडक्या तर नव्हत्याच. नागपुरात खुर्चीत बसून डोळे मिटायचे आणि सांतियागोत उघडायचे. केतकीला माहेरून उमरेड रोडपर्यंत जायलाच जास्त वेळ लागायचा, कारण मानेवाडा चौकातली गर्दी हटवणारं यंत्र अजून कुणी शोधून काढलं नव्हतं.

केतकी समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होती. कंपनीचं नागपुरातही ऑफिस असल्यानं तिला झेपेचा पास होता, आणि तो ती एसटीच्या पासासारखा वापरायची. तिचा नवरा पराग वाळवंटातल्या दुर्बिणींवर काम करायचा. तो मूळचा नाशिकचा आणि सासुरवाडीला दबकून असणारा. दर शुक्रवारी संध्याकाळी केतकी पाच वर्षांच्या इराला घेऊन सुटायची आणि रविवारी परत यायची. कारण नागपुरात बाबा एकटे होते.

बाबा, म्हणजे मोरेश्वर देवतळे, निवृत्त चित्रकला शिक्षक. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती, हृदय अर्धंच काम करत होतं, आणि तरी तीन खोल्यांचं बैठं घर सोडायला ते तयार नव्हते. सांतियागोला चला म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. “तुमच्या तिथल्या उन्हाळ्याला काय उन्हाळा म्हणते का? मग मी कुलर कुठं लावू?” पुढच्या खोलीच्या खिडकीत बसवलेला पत्र्याचा मोठा कुलर हा त्यांचा जीव की प्राण. मार्च लागला की ते स्वतः त्याच्या जाळ्यांत नवा वाळा भरत, आणि ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरला की शेजारी वेताची खुर्ची ओढून पेपर वाचत बसत. स्वयंपाकघराच्या डाव्या हाताला मागचं दार, तीन पायऱ्या, खाली अंगण आणि शेवग्याचं झाड. एवढं त्यांचं राज्य होतं, आणि इरा त्या राज्याची एकुलती एक वारस.

पूर्वी केतकी निघायची तेव्हा बाबा तिच्या हातावर दही घालायचे, फाटकापर्यंत यायचे आणि गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तिथंच उभे राहायचे. झेप आल्यावर हे हळूहळू सुटलं. पुढच्या शनिवारी हजर होणाऱ्या माणसाला निरोप तरी कसला द्यायचा? उमरेडला जाणाऱ्याच्या हातावर कुणी दही घालत नाही. केतकी चपला घालता घालता “येते हो बाबा” म्हणायची. बाबा पेपरमधून डोकं न काढता “हो” म्हणायचे, नाहीतर विचारायचे, “जेवली का?”

मे महिन्यातल्या एका बुधवारी शेजारच्या लीलाताई झाड्यांचा फोन आला. बाबा खुर्चीतच गेले होते. कुलर चालूच होता.

तीन तासांच्या आत केतकी मानेवाड्यात होती. लोकांना तिच्या दुःखापेक्षा तिच्या वेगाचं कौतुक जास्त. “पूर्वी पोरगा अमेरिकेतून येईपर्यंत बॉडी बर्फावर ठेवून राहायचे लोक,” गल्लीतले एक आजोबा म्हणाले, “अन् आता पाहा! बर्फ आणायला गेलेला माणूस अजून यायचाच आहे, अन् पोरगी येऊन बसली.” अग्नी केतकीनंच दिला. तिला रडू आलं नाही. दहाव्याला आलं नाही, तेराव्यालाही नाही. आपण दगड झालो की काय, अशी तिला भीती वाटली, आणि लाजही वाटली. रडायचं काम नेहमीप्रमाणे मावशीनं केलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती इराला घेऊन परतली. सांतियागोत हिवाळा लागत होता. अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटचं दार उघडून तिनं बॅग खाली ठेवली, आणि तिला वास आला. बाहेर थंडी, घरात हीटर, आणि तरी ओल्या वाळ्याचा वास. मग पाण्याच्या पंपाची बारीक घरघर ऐकू आली. बैठकीच्या कोपऱ्यात वेताच्या खुर्चीत बाबा पेपर वाचत बसले होते.

“जेवली का?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

केतकी घाबरली, नाही असं नाही. पण ते घाबरणं मिनिटभरही टिकलं नाही, आणि त्यामागून जे आलं तो निव्वळ आनंद होता. ती तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “हो बाबा, जेवली.”

हे काय आहे हे तिला कळत नव्हतं असं मुळीच नाही. झेपेच्या प्रतीक्षालयात लोक याबद्दल बोलायचे. डॉक्टरांनी या प्रकाराला लांबलचक नाव दिलं होतं. प्रवासी नुसतं ‘सावट’ म्हणायचे. कुणाला परदेशातल्या ऑफिसात आपल्या घरचा जिना दिसे आणि तो सपाट जमिनीवर ठेचकाळे. कुणाला परक्या शहरातल्या बाथरूममध्ये आपल्या आईच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू येत. आठवड्याला ये-जा करणाऱ्यांनाच ते व्हायचं, आणि ज्यांना व्हायचं ते सहसा डॉक्टरकडे जायचे नाहीत, कारण पास रद्द व्हायचा. दोन घरचा पाहुणा उपाशी, असं एक म्हातारे गृहस्थ हसत म्हणाले होते. केतकीही तेव्हा हसली होती.

आता ती हसत नव्हती आणि सांगतही नव्हती. घरातून करायची कामं ती त्या कोपऱ्याजवळ बसून करू लागली. परागनं तिथं पुस्तकांचं कपाट ठेवायचं म्हटलं तर तिनं असा काही आवाज चढवला की तो कपाटाचं नावच विसरला. घरात कुणी नसलं की ती बाबांशी बोलायची. कंपनीतल्या भांडणांबद्दल सांगायची, मावशीच्या गुडघ्याबद्दल सांगायची. बाबा पेपर वाचायचे, मधूनच “काऊन इतकी वाळली तू?” म्हणायचे, नाहीतर “कुलरमध्ये पाणी टाक वं जरा” असं सांगायचे. माणूस गेल्यावर घर खायला उठतं म्हणतात. केतकीचं घर भरलेलं होतं. तिला कुणाची कीव यायची तर ज्यांचे बाप खरोखर मेले होते त्यांची.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी पराग पोहे करत होता. केतकी टेबलाशी बसून कांदा चिरून देत होती. स्वयंपाकघराच्या डाव्या हाताला बाल्कनीचं दार होतं, ते उघडं होतं, आणि ऊन छान आत आलं होतं. इरा तिथं काहीतरी ओढत होती. केतकीनं मान वर करून पाहिलं. इरानं तिचं छोटं स्टूल कठड्याला लावलं होतं आणि एक पाय पलीकडे टाकला होता.

“कुठं चालली गं?” केतकीनं विचारलं.

“अंगणात. आजोबा शेंगा पाडून राहिले. मला बोलावलं त्यांनी.”

“बरं. चप्पल घाल,” केतकी म्हणाली, आणि पुन्हा कांदा चिरू लागली.

कारण तिलाही तिथं अंगणच दिसत होतं. तीन पायऱ्या, शेवगा, खाली सांडलेली पांढरी फुलं, आणि हातात आकडीची काठी घेऊन वर पाहणारे बाबा. पोरगी अंगणात खेळायला चालली होती, त्यात ओरडण्यासारखं काय होतं?

ओरडला तो पराग. कढई जमिनीवर पडली, खुर्ची पडली, आणि त्यानं इराच्या फ्रॉकला धरून तिला असं आत खेचलं की तिचं कोपर सोलपटलं. मग तो तिला छातीशी धरून फरशीवर बसला आणि केतकीकडे पाहत राहिला. त्या नजरेत राग नव्हता. तो बायकोला घाबरला होता, आणि ते रागापेक्षा वाईट होतं.

“तू चप्पल घाल म्हणालीस,” तो म्हणाला. “अकरावा मजला आहे, केतकी. तू तिला चप्पल घाल म्हणालीस.”

त्या दिवशी केतकीनं सगळं सांगितलं. आणि इरानंही सांगितलं, अगदी सहज, कुणी विचारलंच नव्हतं म्हणून आजवर बोलली नाही अशा थाटात. आजोबा रोजच असतात की! कोपऱ्यात बसतात, कधी स्वयंपाकघरात येतात. आजच पहिल्यांदा मागच्या दारानं बाहेर गेले.

सावटाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर नागपुरातच होत्या. डॉ. हुमेरा काझी. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, आणि पडद्यावरसुद्धा चहा पीत बोलणाऱ्या. त्यांनी आधी इराचं कोपर पाहिलं, मग तिला पलीकडच्या खोलीत खेळायला पाठवायला सांगितलं.

“आपल्या मेंदूत जागांचे नकाशे असतात,” त्या म्हणाल्या. “उपमा देत नाही मी, खरंच असतात. कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या पोटात, स्थानपेशी नावाच्या पेशी आहेत. तुम्ही स्वयंपाकघरात उभ्या असलात की त्यातल्या ठरावीक पेशी जाग्या होतात, बैठकीत गेलात की दुसऱ्या. शेजारी आणखी काही पेशी असतात, त्या तुम्ही किती चाललात, कुठं वळलात ते मोजतात. घर बदललं की मेंदू जुना नकाशा घडी करून ठेवतो आणि नवा उघडतो. पण घडी करायला त्याला पुरावा लागतो. रस्ता गेला, दिवस गेला, भूक लागली, पाय आखडले, म्हणजे मी लांब आलो, असा पुरावा. झेपेत तुम्ही त्याला काहीच देत नाही. नागपुरात खुर्चीत बसलात, सांतियागोत खुर्चीतून उठलात. त्याच्या हिशेबी तुम्ही जागच्या हललाच नाहीत. एखाद्या वेळी चालतं हे. पण तुम्ही दर आठवड्याला केलंत, सहा वर्षं. आता दोन्ही नकाशे उघडेच आहेत, एकावर एक.”

“पण बाबा?” केतकी म्हणाली. “ते काही भिंत नाहीत की जिना नाहीत.”

“नकाशात नुसत्या भिंती नसतात, ताई. कोण कुठं बसतं तेही असतं. जवळचं माणूस गेल्यावर ते घरात दिसलं असं पुष्कळ जण सांगतात. मेंदूला सवय असते, तो त्या जागी ते माणूस भरून टाकतो. मग ते ओसरतं. तुमचं ओसरत नाही, कारण तुमच्या मेंदूला ते घर सोडून तुम्ही निघालात हेच माहीत नाही.”

“यावर औषध?” परागनं विचारलं.

“प्रवास,” डॉक्टर म्हणाल्या. “हळू प्रवास. तो नकाशा जिथला आहे त्या घरी यायचं, दोन-तीन दिवस राहायचं, आणि तिथून जुन्या विमानांनी परत जायचं. खिडकीशी बसून. रात्र झाली तर झोपा, पण दिवसा जागं राहायचं, बाहेर पाहायचं. थकवा आला पाहिजे, कंटाळा आला पाहिजे. कंटाळा हेच औषध समजा. पोरीला ‘अजून किती लांब’ म्हणून शंभरदा विचारू द्या आणि दरवेळी खरं उत्तर द्या. अन् नंतर वर्षभर झेप बंद.”

“म्हणजे मग ते...”

“दिसणार नाहीत.”

पराग म्हणाला की तो सुटी काढून इराला नेईल. केतकीचं पुढं बघता येईल. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “मुलं आईच्या नजरेनं घर शिकतात,” त्या म्हणाल्या. “आई रिकाम्या कोपऱ्याशी बोलत राहिली तर पोरीच्या डोक्यातला कोपरा कसा रिकामा होईल? दोघींनी करायचं, नाहीतर करू नका.”

त्यानंतर नवरा-बायकोचं जे भांडण झालं ते त्यांच्या आठ वर्षांच्या संसारातलं सगळ्यात कडू होतं. बाल्कनीला जाळी लावू, केतकी म्हणाली. जाळी लावू, गज लावू, खालच्या मजल्यावर राहायला जाऊ. पराग म्हणाला, रस्त्यावर तिला पायरी दिसली तर? नागपूरच्या गल्लीत गाड्या नसतात म्हणून ती इथल्या सिग्नलवर चालत सुटली तर? वादात हरायला लागलं की माणूस वर्मावर बोट ठेवतो.

“तुला काय जातं सांगायला,” ती म्हणाली. “तुझे बाबा नाशकात जिवंत आहेत.”

परागनं इराला उचललं आणि तो खाली बागेत निघून गेला.

केतकी कोपऱ्यात जाऊन बसली. वाळ्याचा वास होता, पंपाची घरघर होती, बाबा पेपर वाचत होते. इतके दिवस जे विचारायचं राहिलं होतं ते तिनं आता विचारलं.

“बाबा, त्या दिवशी काय झालं? तुम्ही मला हाक मारली होती का?”

“जेवली का?” बाबा म्हणाले.

“दुखलं का फार? लीलाताई म्हणतात, त्या आल्या तेव्हा तुम्ही काहीतरी पुटपुटत होते. काय म्हणत होते तुम्ही?”

“काऊन इतकी वाळली तू?”

तिनं पुन्हा विचारलं. वेगळ्या शब्दांत विचारलं, हात जोडून विचारलं, शेवटी ओरडून विचारलं. बाबांनी पान उलटलं आणि कुलरमध्ये पाणी टाकायला सांगितलं. तेव्हा कुठं केतकीच्या ध्यानात आलं, की तिला जे ठाऊक होतं तेवढंच या बाबांना ठाऊक होतं. जे बाबा त्या बुधवारी मेले त्यांनी काय पाहिलं, कुणाचं नाव घेतलं, ते यांना कधीच सांगता येणार नव्हतं. त्या बाबांना ती भेटलीच नव्हती. चार महिने ती स्वतःशीच बोलत होती, आणि तिची पोर ते ऐकून कठड्यावर चढली होती.

पराग वर आला तेव्हा ती बॅग भरत होती.

नागपूरला जाताना झेपच घेतली, ती शेवटची. ऑक्टोबरची उन्हं तापली होती. घर बंदच होतं. लीलाताईंनी तुळशीला पाणी घातलेलं होतं आणि कुलरवर जुनी चादर टाकलेली होती. तरी दार उघडताच वास आला. बाबा होते. इथं त्यांचं असणं इतकं साहजिक होतं की सांतियागोतले बाबा त्यांच्यापुढं फिके वाटावेत. इरानं दोन दिवस त्यांच्या खुर्चीशेजारी फरशीवर बसून चित्रं काढली. केतकीनं वरण-भात केला, झुणका केला, मावशीला जेवायला बोलावलं. मावशीला काहीच दिसत नव्हतं, पण ती भाचीकडे आणि नातीकडे पाहून डोळे पुसत राहिली.

निघायच्या दिवशी केतकीनं इराला पाया पडायला लावलं. इरा वाकली आणि म्हणाली, “येतो आजोबा. पण विमानानं लई वेळ लागते म्हणते आई.”

“हो,” बाबा पेपरमधून म्हणाले.

केतकीला वाटत होतं की ते उठतील, निदान दारापर्यंत येतील. पण तिनं स्वतःच सहा वर्षं त्यांना खुर्चीतून उठू दिलं नव्हतं, तर तिच्या डोक्यातले बाबा आता कसे उठणार होते? त्यांना दारापर्यंत यायचं ठाऊकच राहिलं नव्हतं. तिनं दाराला कुलूप लावलं. टॅक्सीवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला तरी ती फाटकात उभी राहून बंद दाराकडे पाहत होती. शेवटी इरानंच तिचं बोट धरून तिला गाडीत आणलं.

मग सुरू झाला तो प्रवास, आणि तो डॉक्टरांनी सांगितल्याइतकाच कंटाळवाणा होता. नागपूरहून मुंबई, मुंबईहून जोहान्सबर्ग, तिथून साओ पावलो, तिथून सांतियागो. जुनी विमानं आता अर्धी रिकामी उडायची. त्यांत म्हातारी माणसं असायची आणि झेपेला भिणारी. सीटचे स्प्रिंग वर आलेले, जेवण गारढोण. केतकी पोरीला मांडीशी घेऊन खिडकीला चिकटून बसली.

“अजून किती लांब?” इरा विचारायची.

“खूप. आत्ता कुठं समुद्र लागला.”

समुद्र संपता संपेना. खाली एक जहाज दिसलं, ते पुष्कळ वेळ खिडकीतून हललंच नाही. आफ्रिकेवर अंधार पडला. जोहान्सबर्गच्या विमानतळावर बाकावर बसून दोघींनी मावशीच्या दशम्या खाल्ल्या. इरा कंटाळून रडली, हट्टाला पेटली, फरशीवर लोळली, आणि केतकीनं तिला लोळू दिलं. तिचे स्वतःचे पाय सुजले होते, कंबर धरली होती. पुन्हा विमान, पुन्हा पाणी.

“आजोबा आत्ता काय करत असतील?” अटलांटिकवर कुठंतरी इरानं विचारलं.

केतकीनं डोळे मिटून पाहिलं. इतके दिवस तिला खुर्ची, पेपर, चष्म्याची दोरी सगळं एका क्षणात दिसायचं. आता आठवावं लागलं. आधी नागपूर आठवावं लागलं, मग मानेवाडा, मग गल्ली, मग फाटक, आणि कुलूप लावलेलं दार. दारापाशी ती अडली. परत फिरा, असं ओरडावंसं वाटलं. पायलटचा हात धरावासा वाटला. तिनं इराचं डोकं कुरवाळलं आणि म्हणाली, “माहीत नाही गं. फार लांब आलो आपण.”

दुसऱ्या दिवशी उन्हात बर्फाचे डोंगर आले, एकामागून एक, आणि त्यांच्या पलीकडे सांतियागो. विमानतळावर पराग उभा होता. त्यानं दोघींना मिठी मारली आणि बॅगा घेतल्या.

फ्लॅटचं दार उघडलं. फरशी पुसल्याचा वास होता, खालच्या मजल्यावर कुणीतरी लसूण परतत होतं, तो वास होता. दुसरा कुठलाही नाही. घर इतकं शांत होतं की फ्रिजचा आवाज ऐकू येत होता. कोपऱ्यात भिंतीला भिंत मिळाली होती, आणि तिथं काहीही नव्हतं.

इरा बुटांसकट आत गेली. कोपरा पाहून आली, स्वयंपाकघर पाहून आली, बाल्कनीच्या काचेला नाक लावून खाली अकरा मजले पाहून आली. मग आईसमोर येऊन उभी राहिली.

“आई, आजोबा मेले ना?”

पराग मध्ये काहीतरी बोलायला गेला. केतकीनं हातानं त्याला थांबवलं.

“हो,” ती म्हणाली. “मे महिन्यातच.”

इरानं यावर विचार केला. “मग मला आत्ता काऊन रडू येऊन राहिलं?”

याचं उत्तर केतकीला माहीत होतं. ती उंबऱ्यातच खाली बसली, पोरीला पोटाशी ओढलं, आणि जे रडू स्मशानात आलं नव्हतं, तेराव्याला आलं नव्हतं, ते आलं. तिनं मावशीसारखाच टाहो फोडला, लाज न बाळगता, गळा काढून, बाबांना हाका मारत. जिन्यात आवाज घुमला तसं समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि तिथल्या म्हाताऱ्या बाई हात पुसत बाहेर आल्या.

“काय झालं?” त्यांनी परागला त्यांच्या भाषेत विचारलं.

“हिचे वडील वारले.”

“अरे देवा! कधी?”

परागनं दारात बसलेल्या दोघींकडे पाहिलं.

“आज,” तो म्हणाला.